यशवंतपूरहून दिसलेले बंगळूर

यशवंतपूर हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. बदलीचा हुकूम हाती पडला आणि बंगळुरातील बिऱ्हाडाची जागा या वस्तीत मिळाल्याचे कळले, तेव्हा प्रस्तुत लेखकाला त्या नावाचा केवढा तरी आधार वाटला होता. प्रत्यक्ष येथे उतरल्यावर चहूकडे कानडी पाट्या, कानडी बोलणे आणि त्या गर्दीत आपण एकटे, असा अनुभव आला. परमुलखात नोकरी करणाऱ्या बहुतेक वाचकांच्या तो परिचयाचा असल्यामुळे त्याचे वर्णन करीत बसत नाही. तथापि थोड्याच दिवसांत ध्यानात आले, की नावाने दिलेला आधार अगदीच खोटा नव्हता. मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत येणारा हमरस्ता तुमकूरमार्गे बंगळुरात शिरतो तो यशवंतपूरवरून. येथल्या बाजार-आवारात कांद्याच्या मोसमात महाराष्ट्रातून आलेल्या मालमोटारी रांगेने उभ्या असतात. मिरजेच्या बाजूला जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस या स्थानकावर थांबते. घराकडच्या वाटा या शहरात ज्या दाराने शिरतात ते दार म्हणजे यशवंतपूर, असे म्हणण्यास हरकत नाही.

या दारात उभे राहून गेली तीन वर्षे मी रोज शहराचे एक छायाचित्र काढीत आलो आहे. या उद्योगाला कारण झाले एक घर. मल्लेश्वरमच्या एका आडरस्त्यावर जुने कौलारू घर होते. पुढे लाकडी जाळीचा ओटा, दोन्ही अंगांना बसण्यासाठी दगडी कट्टे, दारात नारळ. संध्याकाळी कचेरीतून परतताना मुद्दाम वाट वाकडी करून मी ते पाहत असे. एखाद्या रविवारी उन्हाची तिरीप चांगली असताना निवांतपणे छायाचित्र घ्यावे असा बेत होता. तीन रविवार असेच गेले. चौथ्या आठवड्यात सोमवारी पाहतो तो घराच्या जागी मातीचा ढीग, आणि शेजारी कौले नीट रचून ठेवलेली! विकण्यासाठी कौले जपली होती. घर जपले नव्हते. घर माझे नव्हते, घरातल्या माणसांची नावेही मला ठाऊक नव्हती. तरी आपल्या हातून काही अपराध घडला असे वाटत राहिले. त्या दिवसापासून रविवारची वाट पाहणे सोडले. रोज एक छायाचित्र, ते घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेवरचे. आणि कारकुनाच्या जन्मजात सवयीप्रमाणे प्रत्येकाची नोंद एका वहीत: अनुक्रमांक, तारीख, जागा, वेळ, शेरा. कचेरीतल्या आवक-जावक वहीसारखीच ही वही. यात येणाऱ्या वास्तूंची आवक पुष्कळ. पण जावकही काही कमी नाही.

आरंभी माझी समजूत अशी होती, की इमारतींची छायाचित्रे वेगळी आणि वाहनांची वेगळी. काही महिन्यांत उमगले, की ही विभागणी टिकत नाही. माणसे कशाने ये-जा करतात यावर रस्त्याची रुंदी ठरते, रस्त्यावर घराचे तोंड ठरते, आणि घराच्या तोंडावळ्यावरून त्या काळाचे मन कळते. बंगळूरचा इतिहास या एका सूत्राने वाचता येतो.

शहराचे मूळ म्हणजे १५३७ च्या सुमारास पहिल्या केंपेगौडाने वसविलेली पेठ आणि तिच्याजवळचा मातीचा कोट. दोड्डपेठ आणि चिक्कपेठ हे दोन मुख्य रस्ते एकमेकांना छेदतात आणि त्यांच्या आसऱ्याने धंद्याधंद्यांच्या पेठा पसरतात. बळेपेठ बांगड्यांची, अक्कीपेठ तांदळाची, तरगुपेठ धान्याची. ही पेठ पाठीवरच्या ओझ्याची, गोणीच्या बैलाची आणि फार तर बैलगाडीची. म्हणून तिचे रस्ते अरुंद, दुकान रस्त्यालगत, राहणे मागे किंवा माडीवर. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा बेळगावच्या जुन्या बाजारात वाढलेल्या माणसाला येथे वाट विचारावी लागत नाही; पायच वाट ओळखतात.

याच पेठेवर १६३८ साली विजापूरच्या फौजेने अंमल बसविला. सेनापती रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे भोसले होते, आणि बंगळूर पुढे त्यांना जहागीर म्हणून मिळाले. बालशिवाजीही काही काळ येथे होते. शहाजीराजांचा येथील दरबार किती विद्याव्यासंगी होता याची साक्ष जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात सापडते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये ते प्रसिद्ध केले. साहजिकच या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी माणसाप्रमाणे मीही शहाजीराजांचा वाडा शोधीत हिंडलो. चिक्कपेठेच्या परिसरात त्यांचा गौरीमहाल होता असे सांगतात. आज तेथे कापडाची दुकाने आहेत, हातगाड्या आहेत, आणि जमिनीखाली मेट्रोचे स्थानक आहे. छायाचित्र घेण्यासारखी एक वीटही नाही. माझ्या वहीत त्या दिवसाचा शेरा एवढाच आहे: ‘काही मिळाले नाही.’

भोसल्यांच्या काळाची खूण मिळाली ती भलत्याच ठिकाणी, घरापासून थोड्याच अंतरावर. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिरात (काडु म्हणजे रान) १६६९ सालचा एक शिलालेख आहे. शहाजीपुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजे यांनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा तो लेख. हे गाव याच परिसरातले. पुढे पाच-सहा वर्षांत व्यंकोजी तंजावरला गेले. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळूर घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या हवाली केले. सुमारे पन्नास वर्षांचा भोसल्यांचा अंमल संपला. राहिला तो हा दगड. तो प्रथम पाहिला तेव्हा अभिमानाने ऊर भरून आला, हे नाकारीत नाही. पण दुसऱ्याच क्षणी ध्यानात आले, की मराठी राजाचे दान कानडी अक्षरांत कोरलेले आहे आणि मला ते वाचता येत नाही! शेजारी फुलांच्या परड्या घेऊन बसलेली बाई त्यातली अक्षरे ओळखते, मी ओळखत नाही. ‘हे शहर एकेकाळी आमचे होते’ असे म्हणणाऱ्याला तो दगड मुकाट्याने विचारतो, की मग माझी लिपी तू का शिकला नाहीस? व्यंकोजीराजांनी ज्या मुलखात राज्य केले त्या मुलखाच्या भाषेत दानपत्र लिहविले. बदलीवर आलेल्या कारकुनाने त्यापासून काही घेण्यासारखे आहे असे वाटले. त्याच महिन्यात मी कानडी बाराखडी गिरवावयास घेतली.

शहराची चित्रे काढणारे माझ्या आधी पुष्कळ होऊन गेले. १७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने टिपूचा येथील किल्ला घेतला, त्या मोहिमेबरोबर रॉबर्ट होम हा चित्रकार होता. त्याच्या म्हैसूरच्या दृश्यांचे पुस्तक १७९४ मध्ये निघाले. किल्ल्याचा आज दिल्ली दरवाजाजवळचा थोडा भाग तेवढा उभा आहे. पुढे छायाचित्रणकला आली. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यास आणि मागाहून डॉक्टर पिगू यास विजापूर, धारवाड, म्हैसूरकडील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. त्यांवरून झालेले धारवाड व म्हैसूर येथील वास्तुशिल्पावरील मोठे पुस्तक १८६६ साली प्रसिद्ध झाले. मद्रास सरकारने याच कामासाठी नेमलेला कॅप्टन लिनीअस ट्राइप याचे ठाणे तर बंगळुरातच होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या जोत्यावरील लेख त्याने १८५८ मध्ये तुकड्यातुकड्याने टिपले आणि एकवीस छायाचित्रे जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीचा एकच पट तयार केला. पुढे मद्रासला नवे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन आले. सरकारी तिजोरीला ही चैन परवडत नाही असा त्यांचा अभिप्राय पडला आणि ट्राइपचे खाते बंद झाले. काटकसरीचा पहिला घाव कोणत्या लेखाशीर्षावर पडतो हे सरकारी नोकरांना निराळे सांगावयास नको.

या जुन्या छायाचित्रांत एक गोष्ट चटकन लक्षात येते. मंदिर आहे, कमान आहे, तट आहे. रस्ता मात्र बहुधा ओस. तो ओस होता म्हणून नव्हे. त्या काळच्या कॅमेऱ्याला प्रकाश पुष्कळ वेळ घ्यावा लागे. जे स्थिर राही ते कागदावर उमटे. जे चालत असे ते पुसून जाई. बैलगाडी गेली, पाणक्या गेला, घोड्याचा टांगा गेला. कागदावर फार तर एक धूसर पट्टा उरला. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील पुष्कळ शहरांच्या वास्तू जपल्या गेल्या आणि त्यांतली रहदारी हरवली. पुढे पॅरिसमध्ये यूजीन आत्जे (१८५७–१९२७) या गृहस्थाने जुन्या गल्ल्या, दुकानांची तोंडे आणि घोडागाड्यांचे निरनिराळे प्रकार यांची तीसएक वर्षे चिकाटीने छायाचित्रे घेतली. ती विकून तो पोट भरी. मोठे राजवाडे टिपणारे इतर होतेच. आत्जेने रोजच्या वाटेवरचे पॅरिस जपले.

बंगळुरात असे रोजच्या वाटेवरचे थर एकावर एक बसलेले आहेत. १८०९ मध्ये इंग्रजांनी पेठेच्या पूर्वेस छावणी वसविली. ही छावणी घोड्याची आणि बग्गीची; म्हणून तिचे रस्ते रुंद, बंगले रस्त्यापासून आत, पुढे बाग, आणि बग्गी उभी राहावी म्हणून पोर्च. १८६४ मध्ये जोलारपेटहून मद्रास रेल्वेची गाडी आली ती प्रथम छावणीत. पेठ आणि छावणी ही दोन निराळी गावे होती; दोघांच्या नगरपालिका वेगळ्या, आणि त्या एक झाल्या १९४९ मध्ये. एवढेच नव्हे, तर शहराकडे येणारे रूळही दोन मापांचे होते. मद्रासकडचा रूळ साडेपाच फुटांचा. म्हैसूरकडचा आणि आपल्याकडचा एक मीटरचा. आपल्याकडून येणारा मार्ग चालविणाऱ्या कंपनीचे नाव होते सदर्न मराठा रेल्वे. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीची मुख्य कचेरी धारवाडास होती. हरिहरपर्यंतचा मार्ग १८८९ मध्ये पुरा झाला आणि बंगळूरची हुबळी, बेळगाव, मिरज या गावांशी गाठ पडली. त्या छोट्या रुळांवरून मराठी कारकून, शिक्षक, शिंपी आणि विद्यार्थी येथे आले. १९९० नंतरच्या दशकात ते रूळ रुंद झाले आणि मीटर गेजची गाडी आठवणीत गेली.

१८९८ साली प्लेग आला. पेठेतील दाटी जीवघेणी ठरली आणि मल्लेश्वरम व बसवनगुडी ही नवी उपनगरे आखण्यात आली. सरळ रस्ते, त्यांना काटकोनात छेदणारे आडरस्ते, प्रत्येक घराला हवा-उजेड, मागे झाडूवाल्यांसाठी बोळ. ज्या कौलारू घरापायी हा लेख सुरू झाला ते याच आखणीतले. त्याचा ओटा आणि कट्टे म्हणजे पेठेतल्या माणसाने नव्या रस्त्यावर आणलेला जुना शेजार होता. १९०५ मध्ये शहरात विजेचे दिवे लागले. १९०९ मध्ये जमशेटजी टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर भारतीय विज्ञान संस्था निघाली. यशवंतपूरला लागून असलेल्या या संस्थेची मनोऱ्याची मुख्य इमारत मुंबईच्या सी. एफ. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे बांधली. हे स्टीव्हन्स म्हणजे बोरीबंदरचे स्थानक उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे चिरंजीव. परमुलखातील त्या करड्या दगडाकडे पाहून बोरीबंदरची आठवण का होते, याचे उत्तर मला असे अवचित मिळाले.

मुंबईत १८७४ पासून १९६४ पर्यंत ट्राम धावली. बंगळुरात ती कधीच आली नाही. येथे जटका, म्हणजे आपल्या टांग्याचा भाऊ, आणि त्यानंतर एकदम बस. १९४० मध्ये बंगळूर ट्रान्सपोर्ट कंपनी निघाली आणि १९५६ मध्ये ती सरकारने आपल्याकडे घेतली. १९५६ हे वर्ष येथे फार महत्त्वाचे. त्याच वर्षी केंगल हनुमंतय्यांनी हाती घेतलेले विधानसौध पुरे झाले, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला भाषावार पुनर्रचना होऊन बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा हे मुंबई राज्याचे जिल्हे म्हैसुरात आले. सीमाभागातील मराठी माणसांच्या लेखी त्या तारखेचा अर्थ निराळा आहे आणि तो निराळाच राहील. पण विधानसौधाच्या पायऱ्यांसमोर उभे राहिले की दुसरी बाजूही दिसते: विखुरलेले कानडी लोक एका छताखाली येत होते, आणि ते छत आपल्याच खाणीच्या दगडाचे, आपल्याच देवळांच्या घाटाचे असावे अशी त्यांची इच्छा होती. समोरच १८६८ ची तांबडी ग्रीक खांबांची अठारा कचेरी उभी आहे. तेथे आज उच्च न्यायालय आहे. १९८० नंतरच्या दशकात ती पाडण्याचे घाटत होते. नागरिक न्यायालयात गेले, चर्चा झाली, आणि ती इमारत वाचली. विधानसौधाच्या दर्शनी भागावर ‘सरकारी काम म्हणजे देवाचे काम’ अशा अर्थाचे वाक्य कोरले आहे. माझी कचेरी तेथून जवळच. उशीर झालेल्या सकाळी त्या वाक्याकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य होत नाही.

२०१४ च्या १ मार्चला यशवंतपूरवरून मेट्रो धावू लागली, आणि २०१७ च्या जूनमध्ये ती पेठेच्या पोटातून पलीकडे गेली. आज मी यशवंतपूरला बसतो तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली लुगडी दिसतात. पुढे गाडी जमिनीखाली शिरते आणि मॅजेस्टिकला गाडी बदलावी लागते. ज्या चित्रपटगृहावरून त्या भागाला हे नाव पडले ते राहिले नाही; शेजारचे मोठे बसस्थानक तर धर्मांबुधी तलावाच्या कोरड्या तळावर उभे आहे. तलाव गेला, चित्रपटगृह गेले, नाव मात्र प्रवाशांच्या तोंडी राहिले. ज्या स्थानकावर मी उतरतो त्याला डॉ. आंबेडकरांचे नाव आहे. इतका सारा इतिहास मी अर्ध्या तासात ओलांडतो, आणि बहुतेक दिवशी पेंगत.

माझी ही छायाचित्रे पाहणारे गृहस्थ एकच. आमच्या खालच्या मजल्यावर शहर बससेवेतून निवृत्त झालेले एक वृद्ध कंडक्टर राहतात. आम्ही सारे त्यांना ‘ताता’, म्हणजे आजोबा, म्हणतो. एका संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून वर्षभराची चित्रे एकेक करून पाहिली. प्रत्येक रस्ता ओळखला. कोठे थांबा होता, कोठून तिकिटाचा टप्पा बदलत असे, कोणत्या झाडाखाली पावसात उतारू उभे राहत, सारे सांगितले. मी खूश झालो. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “सर, इमारत दिसते, बस दिसते. माणसे कोठे गेली?”

मला प्रथम प्रश्नच कळला नाही. मग चित्रे पुन्हा पाहिली आणि मी ओशाळलो. वास्तू नीट दिसावी म्हणून मी रोज माणसे चौकटीबाहेर जाईपर्यंत थांबत होतो! ट्राइपच्या कॅमेऱ्याचा नाइलाज होता. माझ्या मोबाईलच्या कॅमेऱ्याला तसा काही नाइलाज नव्हता. तरीही जुन्या सरकारी छायाचित्रांचा तो ओस रस्ता मी आपण होऊन पुन्हा निर्माण केला होता. कारण स्पष्ट होते. इमारतींशी बोलावे लागत नाही. माणूस चौकटीत घ्यावयाचा तर त्याला विचारावे लागते, हसावे लागते, मोडके का होईना पण कानडी बोलावे लागते. तीन वर्षांतील पहिल्या वर्षाची माझी वही म्हणजे शहराची नोंद नव्हती. ती माझ्या संकोचाची नोंद होती.

त्यानंतर चित्रे बदलली. काडु मल्लेश्वराच्या शिलालेखापाशी आता ती फुलवाली आहे. तिने स्वतःच सांगितले, की परडी पुढे दिसली पाहिजे. बाजार-आवारात लासलगावकडून आलेला एक चालक आहे. मराठी ऐकून त्याने चहा पाजला. मेट्रोच्या जिन्यावर कचेरीत जाणारी मुलगी आहे, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्यात पुस्तक. आणि तातांचे एक चित्र आहे, जुन्या थांब्याच्या जागी उभे राहून बोटाने दाखवीत असलेले, जेथे आज मेट्रोचा खांब आहे. माझ्या सबंध वहीत ऐतिहासिक महत्त्वाची जर कोणती नोंद असेल तर ती हीच असे मी समजतो.

आपण बदलीची माणसे. तीन वर्षे एका गावी, चार वर्षे दुसऱ्या गावी. ज्या गावी राहिलो तेथल्या जुन्या छायाचित्रात आपण बहुधा त्या धूसर पट्ट्यासारखेच उरणार; तेथे आपण होतो याची खूण सेवापुस्तकातील एका ओळीपलीकडे राहत नाही. शहाजीराजांसारख्याचा वाडा जेथे राहिला नाही, तेथे आपली कथा काय! पण पाहण्याचे काम आपणांस करता येण्यासारखे आहे. गावचा माणूस आपला रस्ता पाहत नाही, कारण तो त्याला पाठ असतो. जो परका आहे त्यालाच पहिली काही वर्षे तो दिसतो. ही दृष्टी परमुलखातील नोकरीने आपल्याला फुकट दिलेली आहे. ती फुकट घालवू नये, एवढेच सुचवावयाचे आहे. वाचकांपैकी कोणी कलकत्त्यास, कोणी दिल्लीस, कोणी शिलाँगला असतील. घरापासून कचेरीपर्यंतच्या वाटेचे रोज एक चित्र घ्यावे. तारीख आणि जागा लिहावी. ज्या दिवशी वाटेवरच्या माणसाचे नाव ठाऊक होईल त्या दिवशी तेही, त्याला विचारून, लिहून ठेवावे.

आज सकाळी त्या मल्लेश्वरमच्या आडरस्त्यावरून पुन्हा गेलो. घराच्या जागी चार मजली इमारत पुरी होत आली आहे. चौकीदार ओळखीचा झाला आहे; तो रायचूरकडचा. त्याला पायरीवर बसवून छायाचित्र घेतले आणि वहीत नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात प्रथमच कानडी अक्षरांत त्याचे नाव लिहिले. एक काना चुकला होता. त्याने तो तेथल्या तेथे दुरुस्त करून दिला.